शेजारच्या प्लॉटवर चार घरे: विरोधाच्या निवेदनावर सही करावी का?

पैलतीर

सांता क्लारा काउंटीतील आमच्या गल्लीतील बहुतेक घरे १९५० च्या दशकातील आहेत: एकमजली, पुढे हिरवळ, बाजूला गॅरेज आणि मागे लिंबाचे किंवा पर्सिमनचे एखादे झाड. आमच्या उजवीकडील घराच्या वृद्ध मालकीणबाई वारल्यावर त्यांच्या मुलांनी ते विकले. नवीन मालकाने प्लॉटचे दोन तुकडे करून प्रत्येकावर दोन, अशी एकूण चार घरे बांधण्यासाठी एसबी ९ या कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्याखाली शहराकडे अर्ज केला आहे. त्यांपैकी एका घरात तो स्वतः राहणार आहे. त्याने आम्हाला नकाशा दाखवला. पुढच्या जोडघराबद्दल माझी तक्रार नाही. मागच्या तुकड्याकडे जाणारी अरुंद वाट मात्र आमच्या कुंपणाला लागून जाते आणि मागच्या जोडघराची दुमजली भिंत कुंपणापासून चार फुटांवर उभी राहते. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आज जिथे शेजारचे पर्सिमन दिसते, तिथे ही भिंत दिसेल.

गल्लीतील रहिवाशांनी विरोधाचे निवेदन तयार केले आहे. ते घेऊन आमच्याकडे आले ते आपल्या मंडळातील एक ज्येष्ठ गृहस्थ, ज्यांना आम्ही काका म्हणतो. निवेदनात तीन मुद्दे आहेत: चार घरांच्या गाड्या रस्त्यावर उभ्या राहतील, शाळांवर ताण येईल आणि वस्तीचे रूप बिघडेल. काकांना तोंडावर नाही म्हणवेना, म्हणून ‘वाचून कळवतो’ म्हटले.

एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचे घर, या नियमात, म्हणजेच सिंगल फॅमिली झोनिंगमध्ये, सार्वजनिक हिताचे नेमके काय आहे, आणि तो शिथिल केल्याने घरे खरोखर परवडू लागतात का, हे मला समजून घ्यायचे आहे. या मंचावर नियोजन क्षेत्रातील आणि वेगवेगळ्या राज्यांतील मंडळी आहेत, म्हणून हा धागा काढला.

नकाशाकार

मी बे एरियातील, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतालच्या पट्ट्यातील, दुसऱ्या एका शहराच्या नियोजन विभागात काम करतो. मते माझी वैयक्तिक समजावीत.

आधी निवेदनाबद्दल. एसबी ९ खालच्या अर्जावर सार्वजनिक सुनावणी होत नाही, नगरपरिषदेत मतदान होत नाही आणि राज्याच्या पर्यावरण कायद्याखालील परीक्षणही लागत नाही. अर्ज लेखी निकषांत बसतो की नाही, एवढेच अधिकारी पाहतो. २०२५ पासून एसबी ४५० हा दुरुस्ती कायदा लागू झाल्यामुळे हा निर्णय साठ दिवसांत द्यावा लागतो, आणि न दिल्यास अर्ज मंजूर झाला असे धरले जाते. नाकारायचा असेल, तर सार्वजनिक आरोग्याला किंवा सुरक्षिततेला ठोस धोका आहे, हे शहराला पुराव्यानिशी लिहून दाखवावे लागते. तुमच्या गल्लीच्या सह्या फाइलला जोडल्या जातील, त्यापलीकडे त्यांचा काही उपयोग नाही.

निकष बरेच काटेकोर आहेत. प्रत्येक तुकडा किमान १,२०० चौरस फुटांचा आणि मूळ प्लॉटच्या किमान ४० टक्के असावा लागतो. गेल्या तीन वर्षांत भाडेकरू राहिलेले घर पाडता येत नाही. प्लॉटचे विभाजन करणाऱ्याने आपण तीन वर्षे त्यांपैकी एका घरात राहू इच्छितो, असे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, त्यामुळे गुंतवणूकदार कंपन्यांना हा मार्ग सहजासहजी वापरता येत नाही. घर तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीने भाड्याने देता येत नाही. बाजूला आणि मागे चार फुटांपेक्षा जास्त जागा सोडण्याची सक्ती शहर करू शकत नाही. गाडीसाठी दर घरामागे एका जागेपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि चांगली बस किंवा रेल्वे अर्ध्या मैलाच्या आत असेल, तर तीही मागता येत नाही.

भिंत चार फुटांवर येणार, हे तुम्ही बदलू शकणार नाही. पण दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या कुठे असाव्यात, त्यांना दुधी काच असावी का, वाट आखताना झाड वाचवता येईल का, हे त्या मालकाशी बोलून ठरवता येते. बांधकामाचे अंतिम नकाशे व्हायच्या आत बोला. सह्यांचे कागद आधी पोहोचले, तर तो बोलण्याच्या मनःस्थितीत राहणार नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये या कायद्यावर सही झाली, तेव्हा बे एरियातील गल्ल्या ओळखू येणार नाहीत, असे सांगितले गेले. वुडसाइड या श्रीमंत गावाने तर २०२२ च्या सुरुवातीला आपले संपूर्ण गाव पर्वतीय सिंहांचा, म्हणजे प्यूमांचा, संभाव्य अधिवास असल्याचे जाहीर केले आणि म्हणून इथे एसबी ९ लागू नाही, असे म्हटले. राज्याच्या महान्यायवाद्यांचे पत्र आल्यावर हा पवित्रा सोडावा लागला. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी बहुतेक शहरांत अर्ज मोजकेच आले. प्रतिज्ञापत्राची अट, जमीनमोजणी आणि वेगवेगळी शुल्के, वाढते व्याजदर आणि चार घरांच्या छोट्या प्रकल्पाला कर्ज देण्यास बँकांची नाखुशी, हे सगळे आड आले. तुमच्या गल्लीत हा एक अर्ज आला आहे. दुसरा कधी येईल, सांगता येत नाही.

अंगणवेडा

मी १९९६ पासून फ्रीमाँटमध्ये आहे आणि मी अशा निवेदनावर सही केली असती. त्याचा कायदेशीर उपयोग नसेल, तरी नगरपरिषदेला लोकांचे मत कळले पाहिजे. विरोध करणारा प्रत्येक जण स्वार्थी असतो, ही जी मांडणी आजकाल होते, तिचा मला वीट आला आहे.

आम्ही डोंबिवलीच्या दोन खोल्यांतून इथे आलो. थोडे अंगण, थोडी शांतता आणि शेजारच्या घराचा टीव्ही ऐकू न येणे, यासाठी आम्ही तीस वर्षे हप्ते भरले. घर घेताना वस्तीचे नियम पाहून घेतले. ते नियम राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, बसलेल्या मंडळींनी आमच्या शहराला न विचारता बदलले. जमिनीखालचे सांडपाण्याचे नळ किती घरांसाठी टाकले होते, याचा हिशेब कोणी मांडला का? आणि आगीचे काय? २०२५ च्या लॉस एंजेलिसमधील पॅलिसेड्सच्या वणव्यानंतर जळालेल्या भागात एसबी ९ थांबवण्याची मुभा शहरांना खुद्द राज्यपालांनीच दिली. म्हणजे दाट वस्ती सगळीकडे चालत नाही, हे त्यांनाही मान्य आहे.

शेवटचा मुद्दा पैशांचा. चार घरांची परवानगी मिळाली की त्या जमिनीची किंमत त्याच क्षणी वाढते. ती चार घरे प्रत्येकी दहा लाख डॉलरच्या वर विकली जातील. ज्या शिक्षकांच्या आणि परिचारिकांच्या नावाने हा कायदा आला, त्यांपैकी कोण ती घेणार आहे?

रात्रपाळी

परिचारिकांचे नाव निघाले आहे, म्हणून लिहिते. मी सॅन होजेतील एका रुग्णालयात रात्रपाळी करते आणि पूर्वेकडे डोंगरापलीकडच्या ट्रेसीला राहते. संध्याकाळी जाताना फारशी अडचण येत नाही. सकाळी परतताना मी अल्टामाँट खिंड चढते, तेव्हा समोरच्या बाजूने बे एरियात कामाला येणाऱ्या गाड्यांची रांग खिंडीच्या पलीकडेपर्यंत लागलेली असते. ती माणसे तुमच्या शहरांत शिकवतात, नळ दुरुस्त करतात, वृद्धांना आंघोळ घालतात. त्यांना तुमच्या नगरपरिषदेच्या सभेत बोलण्याचा अधिकार नाही असे नव्हे, पण सायंकाळी सातच्या सभेला ते घरी पोहोचलेलेही नसतात. अंगणवेडा यांनी लोकांचे मत कळवण्याबद्दल लिहिले आहे. निवेदनावर फक्त आधीपासून आत असलेल्यांच्या सह्या होतात.

दहा लाखांचे घर मी घेणार नाही, हे खरे आहे. पण जो आज दहा लाखांचे घर घेऊ शकतो आणि ज्याला ते मिळत नाही, तो माझ्या ऐपतीचे जुने अपार्टमेंट जास्त भाडे देऊन घेतो, आणि माझ्यासारखी खिंडीपलीकडे जाते.

शाळांवरील ताणाचा मुद्दा वाचून मात्र आश्चर्य वाटले. कुपर्टिनोच्या शालेय जिल्ह्याने २०२२ मध्ये विद्यार्थी कमी झाले म्हणून दोन प्राथमिक शाळा बंद केल्या. लहान मुले असलेल्या जोडप्यांना तिथे घर घेणेच परवडत नाही. वर्गांत बाके रिकामी आहेत.

जुनी_पाने

नियमातील सार्वजनिक हित विचारले आहे, तर तो आला कुठून ते पाहावे लागेल.

वस्तीत फक्त स्वतंत्र घरे असावीत, हा नियम अमेरिकेत सर्वांत आधी आणणाऱ्या शहरांत बर्कलीची गणना होते. साल १९१६, वस्ती एल्मवुड. त्यासाठी पुढाकार घेणारे डंकन मॅकडफी हे जमीनविकासक होते, आणि त्यांच्या कंपनीने विकलेल्या वसाहतींच्या खरेदीखतांत गोऱ्यांव्यतिरिक्त इतरांनी राहू नये, अशा अटी असत. पुढच्याच वर्षी, १९१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने वंशानुसार वस्त्या ठरवणारे नगरपालिकांचे कायदे रद्द केले. वंशाचे नाव घेता येईना, तेव्हा घराचा प्रकार आणि प्लॉटचा किमान आकार ठरवून बरेचसे तेच साधता येते, हे अनेक शहरांच्या लक्षात आले. १९२६ मध्ये ओहायोतील युक्लिड या गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झोनिंग वैध ठरवले. त्या निकालपत्रात, स्वतंत्र घरांच्या वस्तीतील अपार्टमेंट हे तिथल्या मोकळ्या जागेवर आणि वातावरणावर जगणारे बांडगूळ आहे, अशा अर्थाचे वाक्य आहे. दिवाणखान्यापर्यंत येणारा उजेड आणि मुलांच्या खेळाची जागा, हे युक्तिवाद त्यातच आहेत. त्यांत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने प्रसिद्ध केलेल्या नकाशांनुसार सॅन होजेतील निवासी जमिनीपैकी ९४ टक्के जमीन स्वतंत्र घरांसाठी राखीव होती. न्यूयॉर्कमध्ये हे प्रमाण १५ टक्के होते.

आपल्याशी थेट संबंध असलेली एक गोष्ट बर्कलीचीच आहे. वैष्णो दास बगाई आणि त्यांच्या पत्नी कला बगाई १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उतरले. पुढे त्यांनी बर्कलीत घर घेतले. सामान घेऊन राहायला गेले, तेव्हा शेजाऱ्यांनी घराला कुलपे लावून ठेवली होती. तिथे मुलांना धोका नको म्हणून ते परत फिरले. आज बर्कलीच्या मध्यवस्तीत कला बगाई यांच्या नावाचा रस्ता आहे, आणि त्याच शहराने २०२५ मध्ये बहुतेक वस्त्यांत छोट्या बहुघरी इमारतींना परवानगी दिली.

अंगणवेडा

इतिहास उद्बोधक आहे आणि तो मी नाकारत नाही. पण कुपर्टिनोत आज बहुसंख्य रहिवासी आशियाई वंशाचे आहेत. नियमाचा जन्म वाईट हेतूने झाला, एवढ्यावरून त्याचा आजचा उपयोग वाईट ठरत नाही. दाटीमुळे भाडी उतरली, असे एखादे अमेरिकी शहर दाखवा. मग पुढे बोलू.

बर्फाळ

मिनिआपोलिसचे उदाहरण याच प्रश्नासाठी नेहमी दिले जाते. मी तिथे राहतो, आणि ते जितक्या सरळपणे सांगितले जाते तितके सरळ नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये नगरपरिषदेने ‘मिनिआपोलिस २०४०’ हा आराखडा १२ विरुद्ध १ मताने मंजूर केला आणि २०२० पासून प्रत्येक निवासी प्लॉटवर तीन घरांना परवानगी मिळाली. देशातल्या मोठ्या शहरांत हे पहिले. प्यू या संशोधन संस्थेच्या अभ्यासाप्रमाणे २०१७ ते २०२२ या काळात शहरातील घरांची संख्या १२ टक्क्यांनी वाढली आणि भाडी फक्त १ टक्क्याने वाढली, तर उर्वरित मिनेसोटात भाडी १४ टक्क्यांनी वाढली. भाडी उतरली नाहीत, थोपली; महागाई धरली तर ती उतरलीच म्हणावी लागतील.

तथापि गाजावाजा झाला तो तिघरांचा, आणि या वाढीत त्यांचा वाटा नगण्य आहे. बहुतेक नवी घरे बसमार्गांवरच्या आणि व्यापारी रस्त्यांवरच्या मोठ्या इमारतींत झाली. तिथे शहराने उंचीची मर्यादा वाढवली होती आणि २०२१ पर्यंत गाड्यांसाठी जागा सोडण्याची सक्ती संपूर्ण शहरात काढून टाकली होती. जमिनीखाली गाडीची एक जागा करण्याचा खर्च भाड्यात कसा मिसळतो, हे बांधकामातील कोणालाही विचारावे. तिघरांची परवानगी मिळाली, पण एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, एका घराला होता तेवढाच, म्हणजे ०.५, राहिला. त्याच आकारमानात तीन घरे बसवायची, तर जुने धडधाकट घर पाडणे कोणाला परवडेल? पोर्टलंडने २०२१ मध्ये हीच गोष्ट वेगळी केली: एका घराला ०.५, दोन घरांना ०.६ आणि तीन किंवा अधिक घरांना ०.७. तिथे चार घरांच्या छोट्या इमारती खरोखर उभ्या राहू लागल्या. सारी मेख अशा आकड्यांत असते, आणि सभांमध्ये त्यावर कोणी बोलत नाही.

कोथरूडचा_रहिवासी

माझी बहीण सॅन रमोनला असते, म्हणून हा धागा वाचत होतो. एफएसआयचा उल्लेख आला आणि राहवले नाही. पुण्यात एरंडवणे आणि कोथरूड भागात बंगले आणि तीनमजली सोसायट्या पाडून त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहताना आम्ही रोज पाहतो. घरे वाढली, हे खरे. गल्लीची रुंदी तेवढीच राहिली आणि उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरांची ये-जा वाढली. अंगणवेडा यांनी नळांचा जो प्रश्न विचारला, त्याला इथे अजून कोणी उत्तर दिलेले नाही.

नकाशाकार

प्रश्न रास्त आहे. पुण्यात जे घडते, त्यात बारा घरांच्या जागी चाळीस किंवा पन्नास येतात. एसबी ९ मध्ये एकाच्या जागी जास्तीत जास्त चार. शिवाय बे एरियातील जुन्या वस्त्यांत दर घरामागे माणसे पूर्वीपेक्षा कमी झाली आहेत, मुले मोठी होऊन बाहेर पडली आहेत, आणि नळांतून वाहणारे पाणी माणसांवर अवलंबून असते. तरीही जिथे जुनी वाहिनी अपुरी असेल, तिथे ती बदलण्याचा खर्च येतोच.

तो कोण भरतो, हे पाहण्यासारखे आहे. १९७८ मध्ये जनमताने झालेल्या प्रॉपोझिशन १३ या कायद्याप्रमाणे मालमत्ता कर खरेदीच्या वेळच्या किमतीच्या सुमारे एक टक्का असतो आणि करासाठी धरलेली किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढत नाही. त्यामुळे १९९६ मध्ये घेतलेल्या घराचा कर आणि आज बांधलेल्या शेजारच्या घराचा कर यांत कित्येक पटींचा फरक पडतो. त्या प्लॉटवरची चार नवी घरे आजच्या भावाने कर भरतील. रस्ते, शाळा आणि नळ यांच्या खर्चाचा मोठा भार त्यांच्यावरच येणार आहे. अंगणवेडा यांच्यावर हा आरोप नाही. कायदा तसा आहे.

जर्सीकर

न्यू जर्सीत ही लढाई पन्नास वर्षे चालू आहे. माउंट लॉरेल या गावाविरुद्धच्या खटल्यात १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, झोनिंगचा अधिकार राज्याकडून मिळालेला आहे आणि तो वापरून गरीब कुटुंबांना गावाबाहेर ठेवता येणार नाही. प्रत्येक गावाने परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचलला पाहिजे. गावांनी कानाडोळा केला. १९८३ च्या दुसऱ्या निकालाने बिल्डरला गावाविरुद्ध थेट न्यायालयात जाऊन जास्त घरांची परवानगी मिळवण्याचा मार्ग खुला केला, अट एवढीच की त्यांतील ठरावीक घरे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी ठेवावीत. १९८५ च्या कायद्याने यातून पळवाट दिली: श्रीमंत उपनगर आपल्या वाट्याची निम्म्यापर्यंत घरे पैसे मोजून गरीब शहराच्या गळ्यात घालू शके. ती २००८ मध्ये बंद झाली.

अंगणवेडा यांचा ‘कोण घेणार’ हा प्रश्न इथे निकाली निघतो, कारण काही घरे कायद्यानेच उत्पन्नाशी बांधलेली असतात. एसबी ९ मध्ये तशी अट नाही आणि माझ्या मते ती त्याची उणीव आहे. अर्थात चार घरांच्या प्रकल्पावर ती लादली, तर तो बहुधा होणारच नाही.

इथल्या सभांना मी बरीच वर्षे जातो. एडिसन आणि प्लेन्सबरो येथे आपल्यातील शेकडो कुटुंबांचे अमेरिकेतील पहिले घर एखाद्या गार्डन अपार्टमेंटमधले होते, आणि अपार्टमेंटना विरोध करायला माइकसमोर उभे राहणाऱ्यांतही तीच कुटुंबे असतात.

पैलतीर

सर्वांचे आभार. काकांना सही करणार नसल्याचे कळवले आणि कारणेही सांगितली. ते नाराज आहेत, पण येणे-जाणे चालू आहे. शेजारच्या मालकाशी बोलणे झाले. मागच्या घराची जिन्याची खिडकी आमच्या बाजूला होती, ती तो दुसऱ्या भिंतीत घेणार आहे. पर्सिमन वाचणार नाही, कारण वाटेची रुंदी अग्निशमन विभागाने ठरवून दिली आहे.

नियम शिथिल केल्याने भाडी थोपतात, पण जिथे मोठ्या इमारती होऊ शकतात तिथे जास्त, असे मी या चर्चेवरून समजतो. तसे असेल, तर आमच्यासारख्या गल्ल्यांत एवढा वाद घालण्याऐवजी कॅल्ट्रेन या उपनगरी रेल्वेच्या स्थानकांभोवती बांधलेले बरे नाही का?

अंगणवेडा

या प्रश्नावर मी पैलतीर यांच्या बाजूचा आहे. स्थानकाजवळ दहा मजले बांधा, माझी हरकत नाही. आमची वसाहत गृहसंघाच्या, म्हणजे घरमालकांच्या संघटनेच्या (एचओए), नियमांखाली आहे. एसबी ९ तिथे लागू होतो का, हेही कोणी सांगावे.

नकाशाकार

स्थानकांबद्दलचा कायदा आलेला आहे. एसबी ७९ वर ऑक्टोबर २०२५ मध्ये सही झाली; १ जुलै २०२६ पासून बार्ट, कॅल्ट्रेन आणि व्हीटीएच्या लाइट रेल स्थानकांपासून अर्ध्या मैलाच्या आत, सेवेच्या प्रकारानुसार आणि अंतरानुसार, साधारण पाच ते नऊ मजल्यांपर्यंत बांधता येईल. मात्र त्या अर्ध्या मैलात स्वतंत्र घरांच्या गल्ल्याही येतात, हे अंगणवेडा यांनी नकाशावर एकदा पाहावे.

गृहसंघाचे नियम एसबी ९ ने रद्द होत नाहीत. संघाची मनाई असेल, तर चार घरांचा मार्ग बहुधा बंद आहे. मागच्या अंगणातील छोट्या घराचे, म्हणजे एडीयूचे, तसे नाही. २०२० पासून गृहसंघाला त्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, आणि ७५० चौरस फुटांपेक्षा लहान एडीयूला शहराचे विकासशुल्कही लागत नाही. राज्यात परवाना मिळणाऱ्या दर पाच नव्या घरांपैकी सुमारे एक आता एडीयू असते. तुमच्या वसाहतीत कोणाला आईवडिलांसाठी घर बांधायचे असेल, तर त्यांना आधी संघाची नियमावली आणि मग शहराची एडीयू पुस्तिका, या क्रमाने वाचायला सांगा. शहराने आधीच मंजूर केलेल्या तयार नकाशांपैकी एखादा घेतला, तर महिने वाचतात.